बॅटमधली पाचर

१९८३ च्या जूनमध्ये कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात मिरजेतल्या आमच्या बोळात जवळजवळ प्रत्येक भिंतीवर कोळशाने तीन यष्ट्या ओढलेल्या होत्या. चेंडू कोणाकडे ना कोणाकडे असायचाच. अडचण बॅटची होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, सुतारकाम करीत. कुऱ्हाडीला, खोऱ्याला, कुदळीला दांडे बसवणे, दारे-चौकटी, कधी लग्नाचे पाट, असे त्यांचे काम. दिवाळीच्या आत त्यांनी आंब्याच्या एका जाड फळीतून मला बॅट कोरून दिली. पाते आणि दांडा एकाच लाकडाचा. काचेच्या तुकड्याने घासून ती इतकी गुळगुळीत केली होती, की हात फिरवावासा वाटे.

पहिल्याच चेंडूला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिसऱ्या की चौथ्या षटकात दांडा मानेपाशी तुटला आणि माझ्या हातात राहिला. पोरे हसली. मीही त्यांच्यात हसलो. मग घरी जाऊन दोन्ही तुकडे आण्णांच्या पुढ्यात टाकले आणि म्हणालो, ‘‘तुम्हाला बॅट करता येत नाही.’’ त्यांनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, ‘हं’ म्हटले आणि हातातले काम पुढे चालू केले. त्यांनी परत बॅट केली नाही. मीही मागितली नाही.

हा लेख त्या बॅटविषयी नाही, पण तिच्यापासूनच सुरू झाला. मी प्राध्यापक नाही. बारावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले आणि इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. गेली काही वर्षे क्रिकेट या विषयावरच्या कादंबऱ्या मिळतील तशा वाचतो आहे आणि एका वहीत टिपणे करतो आहे. वही निम्मी भरली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या कादंबऱ्यांत बाप पुष्कळ आहेत, मुलगे पुष्कळ आहेत, भाऊ आहेत, बायका आहेत, तुटलेली आणि जोडलेली घरे आहेत. बॅट तर पानापानावर आहे. पण ती बॅट ज्याने घडवली तो माणूस, त्याचे घर, त्याचा मुलगा कुठेच नाही. असे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मला बॅट कशी होते ते शिकावे लागले.

आधी कादंबऱ्यांकडे पाहू. क्रिकेट कादंबरीत आले ते फार पूर्वी. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) ऑल-मगलटन आणि डिंग्ली डेल यांचा सामना आहे, पण तिथे खेळापेक्षा जेवणावळीचे कौतुक अधिक. ह्यू द सेलिंकोर्ट यांची ‘द क्रिकेट मॅच’ (१९२४) ही टिलिंगफोल्ड नावाच्या कल्पित खेड्यातल्या एका शनिवारची गोष्ट. सकाळी माणसे आपापल्या घरांत जागी होतात, दुपारी मैदानावर येतात, रात्री परत घरी जातात, एवढेच कथानक. साहेबांच्या घरापासून मजुराच्या खोलीपर्यंत सगळी घरे त्यात येतात, म्हणून मला ती फार आवडते. वुडहाउसच्या ‘माइक’मध्ये (१९०९) तर अख्खे घराणेच क्रिकेटचे. थोरले भाऊ मोठे खेळाडू आणि धाकट्याने त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचे. पण प्रगतिपुस्तक खराब निघते आणि वडील त्याला आवडत्या शाळेतून उचलून दुसऱ्या शाळेत घालतात. विनोदी पुस्तक आहे, तरी बापाच्या एका निर्णयाने मुलाचे मैदान बदलते, हे त्यातले बीज पुढे शंभर वर्षे उगवत राहिले.

आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मधली (१९३५) पोरे मालगुडीत क्लब काढतात आणि खेळाचे सामान मागवण्यासाठी मद्रासच्या मोठ्या दुकानाला ऐटीत पत्र लिहितात. दुकान काही रक्कम आगाऊ मागते तेव्हा पोरांना तो मोठाच अन्याय वाटतो. बॅट ही दुकानात जन्मते, पत्र लिहिले की येते, अशी त्यांची समजूत. आपलीही तीच असते.

अलीकडच्या तीन कादंबऱ्यांवर थोडे थांबतो. जोसेफ ओनील यांच्या ‘नेदरलँड’चा (२००८) नायक हान्स हा न्यूयॉर्कमध्ये राहणारा डच माणूस. २००१ च्या हल्ल्यानंतर त्याची बायको मुलाला घेऊन लंडनला निघून गेली आहे, आणि हा शनिवार-रविवारी वेस्ट इंडियन, भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन टॅक्सीवाल्या-दुकानदारांबरोबर क्रिकेट खेळतो. लहानपणी हेगमध्ये तो चेंडू जमिनीलगत मारायला शिकला. न्यूयॉर्कच्या मैदानातले गवत इतके वाढलेले, की जमिनीलगत मारलेला चेंडू दहा पावलांवर अडतो. तिथे उचलूनच मारावे लागते, आणि त्याचे हात ते करायला तयार होत नाहीत. शिकलेला हात बदलणे म्हणजे शिकवणाऱ्यांना सोडणे, हे ओनील यांनी एका फटक्याच्या निमित्ताने सांगितले आहे.

शेहान करुणतिलक यांच्या ‘चायनामन’मध्ये दारूने यकृत गेलेला एक निवृत्त श्रीलंकन क्रीडापत्रकार, डब्ल्यू. जी. करुणसेन, मरण्यापूर्वी एका विसरल्या गेलेल्या फिरकी गोलंदाजाचा शोध घेतो. पुस्तक त्या गोलंदाजाचे आहे असे वाटत राहते. पण करुणसेनला एक मुलगा आहे, सोबर्सवरून ठेवलेल्या गारफिल्ड या नावाचा. बापाचे आणि त्याचे पटत नाही. बाप पुस्तक पुरे करू शकत नाही आणि शेवटचा भाग मुलाच्या तोंडी येतो. अपुरे काम मुलाच्या हाती येणे, हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

तिसरी अरविंद अडिगांची ‘सिलेक्शन डे’ (२०१६). ही तर आपल्या मुंबईची. दहिसरच्या झोपडपट्टीत राहणारा मोहन कुमार चटण्या विकतो आणि त्याला दोन मुलगे आहेत, राधा आणि मंजू. थोरल्याने जगातला सर्वोत्तम फलंदाज व्हायचे आणि धाकट्याने दुसऱ्या क्रमांकाचा, असे त्याने ठरवून टाकले आहे. दाढी कधी करायची इथपर्यंत त्याचे नियम. एक धनिक दरमहा पैसे देतो आणि बदल्यात मुलांच्या पुढच्या कमाईत वाटा घेतो. बापाने मुलांना घडवले म्हणावे की गहाण टाकले, याचा निवाडा अडिगा करत नाहीत. मोहन कुमार हा मला या सगळ्या पुस्तकांतला सर्वांत भयंकर आणि तरीही कीव येणारा बाप वाटतो. आणि गंमत अशी, की तो अक्षरशः कारागिरासारखाच वागतो. कच्चा माल निवडतो, तासतो, दाबतो, ठोकून पाहतो. फक्त त्याच्या हाताखाली लाकूड नाही, पोर आहे.

आता बॅट कशी होते ते पाहू, कारण हे कळल्यावाचून पुढचे म्हणणे कळणार नाही.

चांगल्या बॅटचे झाड म्हणजे विलो, आणि त्यातही इंग्लंडमधल्या एसेक्स, सफोक या भागांत वाढणारी पांढऱ्या विलोची एक विशिष्ट जात. ओलसर जमिनीत, ओढ्याच्या काठाने तिची पुरुषाहून उंच छाटे लावतात. खोडावर फुटणारे कोंब वेळच्या वेळी हाताने चोळून काढावे लागतात, नाहीतर तिथे गाठ धरते आणि त्या ओंडक्यातून बॅट निघत नाही. पंधरा-वीस वर्षे अशी राखण केल्यावर झाड तोडण्याजोगे होते. म्हणजे बापाने लावावे आणि मुलाने तोडावे असा हा हिशेब. ग्रेट लीज गावच्या राइट घराण्याची पेढी १८९४ पासून हेच करते, आणि आजही जगभरच्या बॅट करणाऱ्यांना तिथून लाकूड जाते.

ओंडक्याचे हातभर लांबीचे तुकडे करतात आणि ते करवतीने कापत नाहीत, पाचर ठोकून फोडतात. कारण पाचर लाकडाच्या नसेच्या मार्गानेच जाते. करवत नस तोडून जाऊ शकते. फोडलेल्या फाकींची टोके मेणात बुडवतात, म्हणजे पाणी टोकांतून घाईने निघून तडे जाणार नाहीत, आणि फाकी महिनोन्महिने वाळवतात. पात्यावर ज्या उभ्या रेषा दिसतात त्या झाडाच्या वयाच्या. एक रेघ म्हणजे एक वर्ष.

विलो हे लाकूड हलके आणि मऊ. इतके मऊ, की तसेच खेळायला घेतले तर चेंडूने खळगे पडतील. म्हणून पाते रुळाच्या दाबयंत्रातून काढतात. वरचा थर दाबून कठीण होतो आणि आतला थर हवा धरून राहतो. चेंडूला उसळी मिळते ती आतल्या थराची. दाब कमी पडला तर बॅट फुटते, जास्त झाला तर फुटत नाही पण मरते, चेंडू तिच्यावरून जातच नाही. किती दाबायचे हे लाकडागणिक बदलते, आणि कारागीर ते पाते मोगरीने ठोकून आवाजावरून ओळखतो. मिरजेच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे सतारीचा भोपळा टिचकी मारून घेतात.

मग दांडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाते आणि दांडा एकाच लाकडाचे असत, आणि फटक्याचा सगळा धक्का हातात येई. १८५३ च्या सुमारास नॉटिंगहॅमशरच्या थॉमस निक्सनने वेताचा दांडा वापरात आणला. वेत आग्नेय आशियातला. त्याच्या पट्ट्या एकत्र चिकटवतात आणि मध्ये रबराचा किंवा बुचाचा पातळ थर घालतात, म्हणजे धक्का तिथल्या तिथे जिरतो. पण वेताचा दांडा पात्यात बसवायचा कसा? त्याचे उत्तर १८८०च्या दशकात आले. चार्ल्स रिचर्डसन हा ब्रुनेल या थोर अभियंत्याचा शिष्य आणि सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचा मुख्य अभियंता. पात्याच्या खांद्यात खाली निमुळती होत जाणारी त्रिकोणी खाच आणि दांड्याचे टोक त्याच मापाने निमुळते, अशा जोडणीचे श्रेय त्याला देतात. धक्का एका जागी न साचता खाचेच्या दोन्ही बाजूंनी पात्यात पसरतो. आजची प्रत्येक चांगली बॅट अशीच जोडलेली असते.

हे वर्णन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा इंग्रजी शब्द कोशात शोधावा लागला नाही. आकृती होती. ती पाहिली आणि मनात म्हटले, अरे, ही तर पाचर. कुदळीच्या दांड्याला आण्णा रोज मारायचे ती. मराठीत ‘पाचर मारणे’ म्हणजे चांगल्या चाललेल्या कामात खोडा घालणे. भाषेने फक्त फोडणारी पाचर लक्षात ठेवली. बॅटच्या कामात लाकूड फोडते तीही पाचर आणि दांडा धरते तीही पाचर. आणि आमची बॅट का तुटली तेही तेव्हाच कळले. इंग्लंडात शेकडो वर्षे खेळणाऱ्यांच्या हातांना झिणझिण्या आणणारी जी चूक होती, तीच आण्णांनी केली होती. बॅट कशी असते ते त्यांनी फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिले होते, आणि फोटोत जोड दिसत नाही.

कादंबरीत न सापडलेला कारागीर मला सापडला तो अखेर एका आठवणींच्या पुस्तकात, तेही क्रिकेटच्या अगदी आरंभीच्या. अठराव्या शतकात हॅम्पशरमधल्या हॅम्बल्डन या खेड्याचा क्लब साऱ्या इंग्लंडला भारी होता. त्याचा कर्णधार रिचर्ड नायरेन हा मैदानासमोरच्या ‘बॅट अँड बॉल’ नावाच्या खानावळीचा मालक. त्याचा मुलगा जॉन नायरेन याने म्हातारपणी, १८३३ मध्ये, त्या खेळाडूंच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. शब्दांकनाला चार्ल्स काउडन क्लार्क हा कवी कीट्सचा मित्र होता. म्हणजे क्रिकेटवरचे पहिले थोर पुस्तकच एका मुलाने आपल्या बापाच्या दिवसांविषयी सांगितलेले आहे. पुढच्या कादंबऱ्यांतले बाप-लेक आकाशातून पडले नाहीत.

त्या पुस्तकात जॉन स्मॉल भेटतो. १७३७ चा जन्म, पीटर्सफील्डचा रहिवासी. आधी चांभारकाम करी, मग चेंडू आणि बॅटी करू लागला, आणि स्वतः त्या काळच्या उत्तम फलंदाजांपैकी एक होता. त्याचा मुलगाही खेळला. पूर्वी गोलंदाज चेंडू जमिनीवरून सरपटत टाकीत, म्हणून बॅट हॉकीच्या काठीसारखी खाली वाकडी असे. १७२९ सालची तशी एक बॅट लंडनच्या ओव्हल मैदानावर अजून जपून ठेवली आहे. पुढे गोलंदाज चेंडूला टप्पा देऊ लागले, आणि टप्पा पडून वर येणाऱ्या चेंडूला सरळ पाते लागते. सरळ बॅटीने खेळणाऱ्या पहिल्या मोठ्या फलंदाजांत स्मॉलचे नाव घेतात. स्वतः घडवणारा आणि स्वतः खेळणारा असल्यामुळे त्याच्या हाताची अडचण त्याच्याच रंध्याला कळत असणार.

हा स्मॉल व्हायोलिन उत्तम वाजवी. डॉर्सेटच्या ड्यूकने त्याला एक वाद्य भेट पाठवले, पाठवणावळही स्वतः भरून. स्मॉलने उलट दोन बॅटी आणि चेंडू पाठवले आणि तोही पाठवणावळ भरायला विसरला नाही. नायरेन ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतो. कारागिराचा स्वाभिमान इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचला नाही.

१७७१ च्या सप्टेंबरात चर्ट्सीचा थॉमस व्हाइट हॅम्बल्डनविरुद्ध यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन आला. हॅम्बल्डनने निषेधाचा कागद केला. त्यावर तिघांच्या सह्या आहेत, गोलंदाज ब्रेट, कर्णधार नायरेन आणि हा जॉन स्मॉल. तेव्हा ठरलेली सव्वाचार इंच ही रुंदी आज अडीचशे वर्षांनंतरही नियमात तशीच आहे. बाकी नियम वेळोवेळी भर घालून झाले: डेनिस लिलीने १९७९ मध्ये पर्थला ॲल्युमिनियमची बॅट आणल्यावर पाते लाकडाचेच हवे असे लिहिले गेले, आणि २०१७ पासून कडेची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पण मूळच्या त्या नियमावर बॅट करणाऱ्याचीच सही आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

मग कारागीर कुठे गेला? एक उत्तर सोपे आहे. सामन्यात पुढे काय होणार ही उत्कंठा असते. रंधा मारण्यात ती नसते. दुसरे उत्तर मला अधिक पटते. कादंबरी लिहिणारे खेळणाऱ्यांतून आणि पाहणाऱ्यांतून आले, करणाऱ्यांतून नाही. स्मॉलने लिहिले नाही. खानावळवाल्याच्या मुलाने सांगितले आणि तेही दुसऱ्याने उतरवून घेतले.

आपल्या देशातली बॅटची गोष्ट तर कादंबरीला पुरून उरेल अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानात खेळाच्या सामानाचे मोठे केंद्र होते सियालकोट. काश्मीर जवळ, म्हणून लाकूड जवळ. तिथे १९३१ मध्ये केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या भावांनी सान्सपारील्स कंपनी काढली. फाळणी झाली आणि हा धंदा दुभंगला. सियालकोट पाकिस्तानात गेले, तिथून उठलेली हिंदू-शीख कुटुंबे जालंदरला आणि मेरठला येऊन नव्याने बसली. आनंद बंधूंची कंपनीही १९५० मध्ये मेरठला आली. एसजी हे नाव आज घराघरांतल्या पोरांना ठाऊक आहे. या फाटाफुटीवर कोणी लिहिले तर? मुलांना घेऊन निघताना सुताराने पटाशी बरोबर घेतली असेल, पण अर्धवट वाळलेल्या फाकींचे काय केले असेल, असे प्रश्न मला पडतात.

त्यात आणखी एक गुंता आहे. मोठ्या खेळाडूच्या बॅटीवर ज्या कंपनीचे नाव असते तिनेच ती बॅट केलेली असते असे नाही. हाताला बसलेली बॅट ज्या कारागिराकडून मिळते त्याच्याकडून घ्यायची आणि वर पैसे देणाऱ्या कंपनीचे स्टिकर लावायचे, ही रीत खेळातल्या सगळ्यांना माहीत आहे. शतक ठोकलेला खेळाडू बॅट उंचावतो तेव्हा साऱ्या जगाला नाव दिसते, फक्त ते करणाऱ्याचे नसते. त्याचा मुलगा दूरदर्शन संचासमोर बसून ती बॅट ओळखत असेल. कादंबरीचा पहिला प्रसंग मी फुकट देऊन टाकतो आहे, कोणी घ्यावा.

काही वर्षांपूर्वी सहलीच्या गाडीने श्रीनगरहून पहलगामला जाताना संगमजवळ वीस मिनिटे थांबलो. बिजबेहाऱ्याच्या अलीकडचे हे गाव. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना बॅटींची दुकाने आणि मागे विलोच्या फाकींचे जाळीदार रचलेले ढीग, वारा खेळावा म्हणून एकाआड एक. बाकीचे लोक अक्रोड घेत होते. मी एका म्हाताऱ्या कारागिराशेजारी उकिडवा बसलो. तो दोन मुठींची सुरी स्वतःकडे ओढत पाते तासत होता. काश्मिरी विलो इंग्लिशपेक्षा जड आणि दाट, म्हणून स्वस्त. पण २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संयुक्त अरब अमिरातीचे खेळाडू काश्मिरी बॅटींनी खेळले हे त्याने आपण होऊन सांगितले. झाडाचे विचारले तेव्हा त्याचा हात थांबला. शेतकरी आता पॉपलर लावतात, तो लवकर वाढतो आणि प्लायवूडवाले लगेच पैसे देतात. विलो तोडला जातो तितका लावला जात नाही. मुलाचे विचारले. मुलगा जम्मूला मोबाइल दुरुस्ती शिकत होता. ‘‘अच्छा है,’’ म्हातारा म्हणाला, ‘‘उस में धूल नहीं।’’

मराठीकडे वळतो. आपल्याकडे क्रिकेटवरचे लेखन भरपूर झाले, पण या विषयाला सर्वांत जवळ जाणारे पुस्तक मला आत्मचरित्रच वाटते: पालवणकर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८). बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल हे चार भाऊ, चर्मकार समाजातले. थोरले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करीत आणि सरावात साहेबांना, विशेषतः ग्रेगला, तासन्‌तास गोलंदाजी टाकीत. त्यातून ते हिंदुस्थानचे पहिले थोर फिरकी गोलंदाज झाले. पण त्या क्लबात त्यांना कधी फलंदाजी मिळाली नाही. चेंडू टाकणे हे काम होते, बॅट धरणे हा मान होता. धाकटे विठ्ठल फलंदाज झाले आणि १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार. थोरल्याच्या हाती न आलेली बॅट धाकट्याच्या हाती येण्यामध्ये एक सबंध कादंबरी आहे. ती अजून लिहिली गेलेली नाही.

या लेखासाठी टिपणे काढत होतो तेव्हा गेल्या वैशाखात मिरजेला दादांकडे गेलो. आण्णांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा हत्यारांचा पेटारा दादांनी ठेवला आहे. तो बघू म्हणून परसात गेलो, तर वहिनींच्या धुण्याच्या दगडापाशी धोपटणे पडलेले. रुंद, आंब्याचे, पाण्याने काळे झालेले. ते आमच्या घरात माझ्या लहानपणापासून होते. आईने त्याने चादरी, घोंगड्या, आमच्या शाळेच्या विजारी बडवल्या. मी ते शेकडो वेळा पाहिले होते आणि एकदाही पाहिले नव्हते.

ते माझ्या बॅटीचे पाते होते. खालचा भाग कापून आखूड केलेले आणि वर वीतभर बाभळीची मूठ बसवलेली. मी ते उन्हात धरले. मूठ खिळ्याने ठोकलेली नव्हती. पात्याच्या खांद्यात खाली निमुळती होत गेलेली त्रिकोणी खाच, मुठीचे टोक तसेच निमुळते, आणि सांध्यावर सुतळीचे वेढे. वरचे कुजून गेलेले, आतले शाबूत. चाळीस वर्षे बडवून बडवून पात्याचा पृष्ठभाग दगडासारखा झाला होता. मूठ हलवून पाहिली. हलली नाही.

‘‘न्या हवं तर,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘आता मशीन आहे.’’ आण्णांनी ही मूठ कधी बसवली ते दादांना आठवत नव्हते. ‘‘तुझी बॅट मोडली त्याच दिवाळीत असेल,’’ ते म्हणाले, ‘‘का पुढच्या. तू काय विचारलं होतंस थोडंच?’’

धोपटणे मी घेऊन आलो. घरी आल्यावर पहिल्यांदा फूटपट्टी काढली आणि रुंदी मोजली. पावणेपाच इंच भरली. स्मॉलने त्या बॅटीवर आक्षेप घेतला असता.